शिंगाडे वकीलबाई आणि आमची नावं

शिंगाडे वकीलबाईंनी माझं नाव मला परत मिळवून दिलं. कलावती शिंगाडे, जालन्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या, मूळच्या टेंभुर्णीच्या. हे आधीच लिहून टाकते. मला घाबरायची सवय आहे, आणि घाबरणारं माणूस गोष्ट सांगायला बसलं की आपल्या भीतीचंच सांगत राहतं; जिनं हात दिला ती कुठंतरी कोपऱ्यात राहून जाते. म्हणून बाई आधी. काय झालं होतं ते मग.

उंचीनं कमी, आवाजानं भारी अशी ही बाई. वय साठीच्या आसपास. काळा कोट अंगावर फक्त कोर्टाच्या दारात चढायचा, एरवी तो बाजरीच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत घडी करून स्कूटरच्या हँडलला लटकवलेला. त्या कोटाच्या खिशात कायम मोसंबी. विचार करायचा असला की बाई मोसंबी काढायच्या, अंगठ्यानं सोलायच्या आणि समोर जो असेल त्याला फोड द्यायच्या. पक्षकार असो, पोलीस असो, नाही तर विरुद्ध बाजूचा वकील. "खा. भांडायला ताकद लागती," म्हणायच्या. त्यांच्या कागदांना मोसंबीचा वास यायचा.

त्यांचे वडील मेंढरं राखायचे. पावसाळा सरला की कळप घेऊन गोदावरीच्या अंगानं खाली जायचे. लहानपणी बाई कळपाच्या शेवटी चालायच्या. पुढून वडील ओरडायचे, "मागचं आलं का?" आणि शेवटचं लंगडं कोकरू नजरेला पडल्याशिवाय यांनी "आलं" म्हणायचं नाही. वकील झाल्या, चष्मा लागला, केस पांढरे झाले, तरी तो प्रश्न काही सुटला नव्हता. रस्ता ओलांडताना, जिना चढताना, चहा सांगतानासुद्धा मागं वळून विचारायच्या, "मागचं आलं का?"

आता माझं सांगते. माझं माहेर गडचिरोलीकडं, जंगलाच्या काठचं, भाताचं गाव. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. लग्न झालं आणि नवऱ्याला जालन्याच्या एमआयडीसीत सळ्या तयार करणाऱ्या मिलमध्ये काम मिळालं, म्हणून आम्ही एवढ्या लांब आलो. मी बियाण्याच्या कंपनीत लागले. बी निवडायचं, चाळायचं, औषध लावलेलं पाकिटात भरायचं. त्या औषधाचा रंग गुलाबी. कितीही घासा, बोटांवरून जात नाही.

एक दिवस नवऱ्याच्या मोबाइलवर गावाहून आईचा फोन आला. ती फोनवर नेहमी मोठ्यानं बोलते, त्या दिवशी कुजबुजत होती.

"मंदा, दारात दोन माणसं आल्ती. कागद घेऊन. म्हणे तुझी मुलगी कर्ज बुडवून पळाली. साऱ्या आळीसमोर तुझं नाव घेत होती बाई. काय केलंस तू तिकडं?"

मी काही केलं नव्हतं. पण आईनं विचारलं ना, "काय केलंस?" मग मीच आठवत बसले, खरंच काही केलंय का. नंतर कळलं, कुठल्यातरी शहरात, जे मी नकाशातही पाहिलं नव्हतं, तिथं माझ्या नावानं महागडा मोबाइल हप्त्यावर घेतला होता आणि हप्ते कुणी भरलेच नव्हते. आधारवर पत्ता माहेरचा, म्हणून वसुलीवाले माहेरी धडकले. पुढं त्यांनी कंपनीचाही पत्ता काढला आणि ऑफिसात फोन केला. ऑफिसनं आमच्या मुकादमाला सांगितलं, असल्या लफड्यातल्या बायका ठेवायच्या नाहीत, बघून घे. त्यानं अजून काढलं नव्हतं, एवढंच.

वसुलीवाला फोनवर म्हणाला, कर्ज तुमचं नाही म्हणता ना, मग शपथपत्र करून आणा. म्हणून मी कोर्टाजवळ गेले. झाडाखाली टाइप करणाऱ्याच्या समोर उकिडवी बसले होते. तो विचारत होता, मी रडत सांगत होते. तेवढ्यात मागून आवाज आला, "ओ माय, काय करून राह्यलात?"

मी वळून बघितलं. एका हातात सोललेली मोसंबी, दुसऱ्या हातात बियाण्याची पिशवी.

"हात गुलाबी. म्हंजी बियाण्याच्या कंपनीतल्या," बाई म्हणाल्या. "आन् हे शपथपत्र कशाचं?"

मी सांगितलं. बाईंनी मोसंबीची फोड माझ्या हातात कोंबली आणि टाइपवाल्याला म्हणाल्या, "थांब रे. चोरानं नाव चोरलं, आन् कसम ह्या बाईनं खायची? ही कोणती पद्धत?" मग माझ्याकडं वळून, "कागद दाखवा."

वसुलीवाल्यांनी पाठवलेला कर्जाचा कागद नवऱ्याच्या मोबाइलमध्ये होता, तो मोबाइल मी मागून आणला होता. त्यावर माझा फोटो होता. बाईंनी चष्मा वर सरकवून तो डोळ्यांजवळ नेला.

"मागं ही हिरवी जाळी कशाची?"

"कंपनीच्या आवारातली. बँकेचा कॅम्प लागला होता ना, सगळ्या बायकांची खाती काढायला. बँकेच्या माणसानं तिथंच फोटो काढला."

"हा फोटो अजून कोणाकडं हाये?"

"कुणाकडंच नाही. माझ्याकडंपण नाही."

बाई हसल्या. त्यांचं हसू म्हणजे झाडाखालचे सारे लोक वळून बघतील असं. "बघा मंग. फोटो फक्त बँकेकडं, आन् चोराकडं. चोर काय कंपनीच्या आवारात आल्ता का? बँकेच्या घरातून गेलंय हे. तुमचं आधार, पॅन, फोटो, समदं."

मला तेव्हा पहिल्यांदा समजलं की मी काही केलेलं नाही. म्हणजे ते मला माहीत होतंच, पण कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं होतं.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या एकटीलाच त्रास हाये का?"

"हो."

"कशावरून? विचारलं का कोणाला?"

नव्हतं विचारलं. कसं विचारणार? कर्जबुडवी म्हणून नाव झालेलं, ते आपणच कशाला वाटत फिरायचं? पण बाईंनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून मी शेजारच्या रुक्मिणीला हळूच सांगितलं. तिच्या हातातला घास खाली पडला. "अगं माय, मला बी!" तिच्या पलीकडची म्हणाली, "मला बी." एकीच्या नावावर फ्रिज, एकीच्या नावावर मोटारसायकल. तिला तर सायकलसुद्धा येत नव्हती. इतके दिवस सगळ्या जणी शेजारी बसून जेवत होतो आणि एकमेकींपासून तीच एक गोष्ट लपवत होतो. त्या दिवशी आम्ही एवढ्या हसलो की मुकादम बघायला आला, काय झालं म्हणून.

संध्याकाळी आम्ही सगळ्या बाईंच्या ऑफिसात. ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानामागची एक खोली. बाईंनी कायदा सांगितला तो असा, की माझ्यासारखीलाही रस्ता दिसावा.

"पहिलं, बँकेला लेखी तक्रार. तोंडी बिलकुल न्हाई. पोच घ्यायची, शिक्का मारून. दुसरं, सायबर पोलिसात तक्रार, म्हंजी नाव वापरणारी तुम्ही न्हाई हे नोंदलं जातं. तिसरं, ज्यानं कर्ज दिलं त्याला, आन् जी कंपनी कर्जाचा हिशेब ठेवती तिला, की हे कर्ज आमचं न्हाई, तपासा आन् काढा. मंग बँकेला महिनाभर द्यायचा. तेवढ्यात तिनं काही केलं न्हाई, तर दोन वाटा. एक रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाची. फुकट, बसल्या जागी, चांगली वाट हाये. दुसरी ग्राहक आयोगाची. एका टायमाला दोन्हीवर पाय ठेवता येत न्हाई."

रुक्मिणीनं विचारलं, "बाई, तो नवा कायदा म्हंतात, माहिती फुटली तर लई मोठा दंड?"

"हाये. पण त्याची समदी कलमं अजून चालू झाली न्हाईत. आन् तो दंड सरकारी तिजोरीत जातो. तुमच्या आईच्या दारात जे झालं ते त्यानं पुसत न्हाई. तुमचा त्रास सारखा, बँक एक, तर ग्राहक आयोगात समद्यांची मिळून एक तक्रार करता येती. आयोगाची परवानगी घ्यायची, बस्स." एवढं बोलून बाईंनी खोलीवर नजर फिरवली. "मागचं आलं का? कोणी राह्यलं का कॅम्पातलं?"

राहिली होती. सखूबाई. म्हातारी, गुडघे गेले म्हणून काम सोडून शहागडला लेकाकडं गेलेली. आम्ही म्हणालो, ती कशाला, ती आता कामावर नाही. बाईंनी पिशवी उचलली. "उद्या सकाळी शहागड. मंदा, तू चल, तुला ती वळखती."

शहागडला सखूबाईचा लेक रस्त्याकडेला ट्रकवाल्यांसाठी चहा-भजीची गाडी लावायचा. सखूबाई मागं खाटेवर. बाईंना बघून तिनं पदर तोंडावर ओढला. तिच्याही दारात माणसं येऊन गेली होती. लेकानं तेव्हापासून तिच्याशी बोलणं टाकलं होतं. त्याला वाटलं, म्हातारीनं गुपचूप कर्ज काढून मुलीला दिलं.

बाईंनी वसुलीवाल्यांनी टाकलेला कागद मागून वाचला आणि लेकाला हाक मारली. "इकडं ये रे. तुझ्या आईच्या नावावर काय उचललंय ते बघितलं का?"

"न्हाई."

"लॅपटॉप. सांग, तुझ्या आईनं लॅपटॉप कशाला घेतला आसंल?"

तो पोरगा गाडीपाशी उभा. कढईत भजी करपायला लागली. मग त्याला हसू फुटलं, आणि हसता हसता तो आईच्या खाटेपाशी खाली बसला. सखूबाईनं पदराआडून विचारलं, "लॅपटॉप म्हंजी काय हो बाई?" सही करता येत नव्हती, तिनं तक्रारीवर अंगठा दिला. बाई परत निघाल्या तेव्हा लेकानं भज्यांचा पुडा बांधून दिला. बाईंनी घेतला आणि त्याच्या हातात मोसंबी ठेवली.

बँकेनं महिनाभरात एकच उत्तर दिलं. बँकेकडून कुठलीही माहिती बाहेर गेलेली नाही. बाई म्हणाल्या, बराबर आहे, हेच पायजे होतं. आता पुढची वाट मोकळी. आणि ग्राहक आयोगात सगळ्यांची मिळून तक्रार दाखल केली.

खरी मजा बँकेच्या लेखी जबाबात आली. बाईंनी आम्हाला बोलावून तो मराठीत सांगितला. आधी लिहिलं होतं की काहीही फुटलेलं नाही. आणि खाली लिहिलं होतं, की माहिती अनधिकृत हाती गेल्याचं लक्षात येताच बँकेनं त्याच दिवशी सर्व संबंधित ग्राहकांना नोंदवलेल्या मोबाइलवर संदेश पाठवून सावध केलं. ग्राहकांनीच दुर्लक्ष केलं.

"वर म्हंते घर फुटलं न्हाई, खाली म्हंते फुटल्याचा निरोप धाडला," बाई हसून हसून खुर्चीतून उठल्या. मग एकदम थांबल्या. "पण हा निरोप तुम्हाला आल्ता का?"

कुणालाच नव्हता. तेव्हा आमच्यात कुणाकडं स्वतःचा मोबाइल होता? कॅम्पात बँकेच्या माणसानं विचारलं, मोबाइल नंबर? आम्ही म्हणालो, नाही. मग त्यानंच मुकादमाला हाक मारली आणि सगळ्यांच्या कागदावर एकच नंबर लिहिला. विष्णू मुकादमाचा. आमच्याकडं हे असंच चालायचं. गॅस असो, रेशन असो, दवाखाना असो, बायकांचा नंबर म्हणजे मुकादमाचा नंबर.

"समद्यांच्या खात्याला एकच?" बाईंनी विचारलं.

"एकच."

बाईंनी पिशवीतल्या कोटातून मोसंबी काढली. सोलली. स्वतःच सगळी खाल्ली. मग म्हणाल्या, "मुकादमाला बोलवा."

विष्णू मुकादम आला तो पांढराफटक पडून. "बाई, मला आत टाकतील का? मी तर फक्त नंबर दिल्ता."

"बस. तो निरोप आल्ता का तुझ्या फोनवर?"

तो आठवत राहिला. आठवलं रुक्मिणीला. "अवो बाई, त्या दिवशी! चाळणीपाशी! ह्याचा फोन वाजाय लागला तो थांबेच ना. टिंग टिंग टिंग. मी म्हनले, मुकादमाला पोरगी मिळाली वाटतं!" तेव्हा आम्ही त्याला दिवसभर चिडवलं होतं. आणि मुकादमानं काय केलं होतं? संदेश इंग्रजीत, वाटलं बँकेची ऑफर, फोन बंद करून खिशात टाकला.

"एकामागं एक आले का सगळे?"

"हो बाई. लईच आले."

"हेच लिहून द्यायचं. शपथेवर. ह्या वेळची कसम बराबर हाये," बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या.

त्यानंतर बँकेचा एक मोठा साहेब जालन्याला आला. मला एकटीला बोलावलं होतं. मी बाईंना सोबत घेऊन गेले. साहेब मऊ बोलला. तुमचं नाव लगेच साफ करून देतो, पत्रही देतो, तुमच्या गावाला माणूसही पाठवतो. फक्त तक्रारीतून तुम्ही बाहेर पडा. मला आई दिसायला लागली, दारात उभी. हो म्हणायला जीभ अगदी टोकाशी आली होती. मी बाईंकडं बघितलं. त्या उठल्या. "मी जरा चहा पिऊन येते. नाव तुझं हाये मंदा, तूच ठरव." आणि खरंच निघून गेल्या. दाराबाहेर त्या चहा कपातून बशीत, बशीतून कपात ओतत उभ्या होत्या. काचेतून पाठ दिसत होती, वळून एकदाही बघितलं नाही.

मी साहेबाला विचारलं, "आणि सखूबाई?"

तो म्हणाला, "कोण सखूबाई?"

"मग नको," मी म्हणाले. आणि उठले. बाहेर आले तर बाईंनी काही विचारलं नाही. बशी माझ्यापुढं केली. "घे. थंड झालाय."

आयोगात शेवटच्या सुनावणीला आम्ही सगळ्या गेलो. मागच्या बाकांवर गुलाबी हात मांडीवर ठेवून बसलो. बँकेचा वकील लांबून आलेला, चांगला बोलत होता. नोंदवलेल्या मोबाइलवर संदेश गेला की बँकेची जबाबदारी संपली, असं त्याचं म्हणणं. मग बाई उठल्या. मोठ्यानं बोलल्या नाहीत, आणि म्हणूनच मला जास्त धाकधूक झाली.

"बँक म्हणते, आम्ही प्रत्येक ग्राहकाला कळवलं. कागद बघितला तर सगळे निरोप एकाच फोनवर गेलेत. म्हणजे या बँकेच्या हिशेबानं विष्णू मुकादम हा एकटा माणूसच या सगळ्या बायका आहे. सखूबाईसुद्धा तोच आणि मंदासुद्धा तोच. बँकेनं खातं उघडताना ग्राहक ओळखायचा असतो. तिनं बायकांना मुकादमावरून ओळखलं. चोराला मात्र प्रत्येकीचा वेगळा फोटो दिला."

समोर बसलेल्या अध्यक्षबाईंनी ओठ दाबले, पण हसू सुटलंच. मुकादम आमच्यामागं उभा होता, तो लाजून भिंतीला चिकटला. बँकेच्या वकिलानं फायली आवरायला घेतल्या.

निकाल आमच्या बाजूनं लागला. सेवेत त्रुटी, असं त्यात लिहिलं होतं. बँकेनं प्रत्येकीला लेखी द्यायचं की माहिती बँकेकडून फुटली आणि हे कर्ज या बाईचं नाही. कर्जाच्या हिशेबातून नावं साफ करून घ्यायची. त्रासाची भरपाई द्यायची. आणि प्रत्येकीच्या खात्याला तिचा स्वतःचा नंबर लावायचा. रुक्मिणीनं निकाल ऐकून मुकादमाला विचारलं, "आता तुला टिंग टिंग कोण करंल रे?" तो म्हणाला, "शांती. लई शांती हाये माय."

बँकेनं दिलेलं माझं पत्र मी पोस्टानं आईला पाठवलं. शेजारच्या मास्तरांकडून तिनं ते दारात उभं राहून वाचून घेतलं, मोठ्यानं, साऱ्या आळीसमोर. मग मला फोन केला, आणि या वेळी ती एवढ्या मोठ्यानं बोलली की फोन कानापासून लांब धरावा लागला.

बाईंना शेवटचं बघितलं ते निकालाच्याच दिवशी. त्यानंतर त्या संभाजीनगरला हायकोर्टाच्या कामाला गेल्या, तिथंच राहतात म्हणे. त्या दिवशी आयोगाच्या बाहेर आमच्यासाठी टेम्पो उभा होता. बाया चढत होत्या, हसत होत्या, एकमेकींना ओढून वर घेत होत्या. बँकेचा वकील पायऱ्या उतरून आला, बाईंनी त्याच्या हातात मोसंबीची फोड ठेवली आणि तो ती खात खात गेला. बाई रस्त्याच्या कडेला, कोट पिशवीत, पिशवी हँडलला. टेम्पोवाल्यानं गाडी सुरू केली.

"थांब!" बाई ओरडल्या. "मागचं आलं का?"

सखूबाई अजून पायऱ्यांवर होती, एकेक गुडघा उचलत. मुकादम धावला, तिला हाताला धरून आणली, आम्ही वर घेतली. मग सगळ्या जणी एका आवाजात ओरडलो, "आलं, बाई!"

तेव्हा कुठं त्यांनी स्कूटरला किक मारली. मागं न बघता हात हलवला आणि वळणावर दिसेनाशा झाल्या.

बाईंनी फी घेतली, नाही म्हणाल्या नाहीत. पण ते देणं वेगळं, आणि माझ्यावर उरलेलं देणं वेगळं. त्या नेहमी म्हणायच्या, भात म्हंजी आजाऱ्याचं जेवण, तुमच्याकडची माणसं रोज कशी खातात? बाई, मी तुम्हाला माझ्या गावी नेणार आहे. नवा तांदूळ निघाल्यावर, प्रवास कितीही लांबचा असो. ज्या दारात माझं नाव घेऊन माणसं ओरडली, त्याच दारात तुम्हाला बसवीन, आईच्या हातचा भात वाढीन, आणि साऱ्या आळीला बोलावून तुमचं नाव घेईन. शेवटच्या घरातलं माणूस आल्याशिवाय मी सुरू करणार नाही.